बेताच्या बजेटमधला टीव्ही: व्हीए पॅनल की आयपीएस?

बजेट बेताचं असेल तर ओएलईडी (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो तो महागडा पडदा) विसरा. खरी निवड एलसीडीच्या, म्हणजे मागच्या दिव्यानं उजळणाऱ्या पडद्याच्या, व्हीए आणि आयपीएस या दोन पॅनलमध्येच. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (सर्वात उजळ पांढरा आणि सर्वात गडद काळा यांचं प्रमाण) साधारण ३०००:१ किंवा त्याहून जास्त, आयपीएसचा जेमतेम १०००:१. म्हणूनच दिवे मालवून सिनेमा लावला की आयपीएसवर रात्रीचं आकाश राखाडी दिसतं, कारण मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, झिरपतो. स्वस्त सेटमध्ये लोकल डिमिंग (गडद भागामागचाच दिवा मंद करण्याची सोय) बहुधा नसतंच, मग हा दोष झाकणार कोण?

व्हीएचं दुखणं वेगळं. गडद दृश्य वेगानं सरकलं की मागे काळपट शेपूट राहतं, आणि बाजूला बसलेल्याला रंग फिके दिसतात. सोफा समोरच असेल तर बिनधास्त व्हीए. माणसं खोलीभर पसरून बघणार असतील तर आयपीएस.

खोक्यावर पॅनलचा प्रकार क्वचितच छापतात. दुकानात रंग भडक करणारा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करायला लावा आणि ४५ अंशांतून बघा: चेहरे पांढुरके पडले तर बहुतेक व्हीए.