कॅप्सेसिन क्रीम (0.075 टक्के): पायांची आग शमवते, पण अर्ध्या ट्यूबवर निकाल लावू नका

मधुमेहाने नसा दुखावल्या की रात्री तळव्यांची आग होते, सुया टोचतात, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. अशा दुखण्यावर वरून लावायची ही क्रीम चांगली आहे. तरी बहुतेक घरांत ती बामसारखी, दुखेल तेव्हाच लावली जाते आणि ‘उलट आग वाढली’ म्हणून चौथ्या दिवशी कपाटात जाते.

कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणा. वेदना वाहणाऱ्या बारीक नसांची टोकं तो आधी चेतवतो. पुन्हापुन्हा लागत राहिला की तीच टोकं मंदावतात. म्हणून सुरुवातीची आग होणारच. दिवसातून 3 ते 4 वेळा लावायची, दोन वेळांत किमान 4 तास सोडायचे. मध्येच खंड पडला की टोकं पुन्हा जागी होतात आणि आगही नव्याने सुरू होते. फरक जाणवायला 2 ते 4 आठवडे लागतात, 8 आठवडे नेमाने लावूनही उपयोग नसेल तर थांबवावी.

एका पावलाला वाटाण्याएवढी पुरते. दोन्ही पावलांना मिळून अर्धा ग्रॅम धरला, तर रोजची 2 ग्रॅम लागते आणि 45 ग्रॅमची ट्यूब जेमतेम तीन आठवडे जाते. म्हणजे पहिली ट्यूब संपते तेव्हा कुठे गुण यायला लागलेला असतो. दुसरी आधीच आणून ठेवा.

लावताना पूर्ण जिरवा. वर थर राहिला तर तो चादरीला लागतो, तिथून हाताला आणि हातातून डोळ्यांत जातो. वाळून उडालेल्या कणांनी ठसकाही लागतो. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर लगेच लावली तर आग दुप्पट वाटते, त्यामुळे त्वचा थंड आणि कोरडी होऊ द्या. नंतर हात नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आधी बोटांना तेल चोळून पुसा, मग साबण लावा.

टाचेला भेगा असतील किंवा बोटांच्या बेचक्यात त्वचा फाटली असेल तर तिथे अजिबात लावू नका. मधुमेहात पाय बधिर असल्याने जखम कळत नाही, म्हणून रोज लावण्याआधी उजेडात तळवे बघा, तळाशी आरसा धरून. लावल्यावर शेकायचं नाही, घट्ट पट्टीही गुंडाळायची नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. आग आणि टोचणं कमी होतं. बधिरपणा जात नाही, खराब झालेली नस दुरुस्त होत नाही. शुगर आटोक्यात ठेवायला पर्याय नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी 12 तपासून घ्या, कारण त्याच्या कमतरतेनेही अगदी अशाच मुंग्या येतात आणि त्यावर ही क्रीम काही करू शकत नाही. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन ही गोळी चालू असेल तर क्रीम सोबत लावता येते. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

दिवसातून चार वेळा जमणारच नसेल तर 8 टक्के कॅप्सेसिन असलेल्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये ती मधुमेहाच्या पायदुखीसाठी मान्य केली. ती दवाखान्यातच, पावलांवर 30 मिनिटं लावतात, आणि पुढची किमान तीन महिन्यांनी. लावणाऱ्याच्या हातात नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे हवेत. लॅटेक्सच्या (नैसर्गिक रबराच्या) मोज्यांतून तिखट आरपार जातं.