माँटमोरिलोनाइट की हॅलोसाइट? एम.फार्मचा प्रोजेक्ट ठरवायच्या आधी

अँटिबायोटिक हळूहळू सोडायला कोणती क्ले घेऊ असं विचारून राहिला ना, तर पहिले आपल्या नागपूरकडची काळी माती आठव, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा आणि पाऊस पडला की फुगून चिकट, ते सगळं तिच्यातल्या स्मेक्टाइट नावाच्या फुगणाऱ्या क्लेमुळे, आणि माँटमोरिलोनाइट त्याच घराण्यातली. (शेतातली माती नाही वापरायची हां, शुद्ध केलेली फार्मा ग्रेडच घे.)

तिच्या थरांवर निगेटिव्ह चार्ज, मधे सोडियम. सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक घे, ते ॲसिडिक पीएचला पॉझिटिव्ह असतं म्हणून ते सोडियमला उठवून स्वतः तिथं बसतं. हिशोब कर, 100 ग्रॅम क्लेची एक्स्चेंज कपॅसिटी 100 मिलीइक्विव्हॅलंट (एक चार्ज असलेल्या औषधाचे 0.1 मोल) धरली आणि सिप्रोचं मॉलिक्युलर वेट 331, म्हणजे कागदावर 33 ग्रॅम औषध मावतं. हॅलोसाइट ही क्ले म्हणजे बारीक नळ्या, आतून 15 नॅनोमीटरच्या आसपास, व्हॅक्यूम लावून भराव्या लागतात आणि 10 टक्के भरलं तरी चांगलं समज.

पण रिलीजला माँटमोरिलोनाइटच रडवते. नुसत्या पाण्यात फारसं सुटत नाही, बफरमधलं (पीएच कायम ठेवणाऱ्या द्रावणातलं) सोडियम आत शिरलं की थोडं सुटतं आणि मग ग्राफ आडवा पडतो, उरलेलं थरातच अडकून. हॅलोसाइटमधून उलट सुरुवातीलाच भसकन निघून जातं, म्हणून वरून कायटोसानचा (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेल्या पॉलिमरचा) लेप द्यायचा, आणि तो बसतोही छान कारण नळीची बाहेरची बाजू निगेटिव्ह अन् कायटोसान पॉझिटिव्ह.

निगेटिव्ह चार्जचं औषध असेल तर एलडीएच (लेयर्ड डबल हायड्रॉक्साइड, हिच्या थरांवर पॉझिटिव्ह चार्ज असतो) बघ, पण सिप्रोला मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवाली घेऊ नको, पोटातल्या ॲसिडमध्ये ती विरघळते आणि ते दोन्ही धातू सिप्रोला पकडून ठेवतात, अँटासिडसोबत सिप्रो घेऊ नका म्हणतात ते ह्याच्याचसाठी.

माझं मत विचारशील तर जखमेवरचा पॅच करायचा असला तर डोळे झाकून हॅलोसाइट-कायटोसान, तोंडातून द्यायचं असेल तरच माँटमोरिलोनाइट. आणि क्ले मॉडिफाय करायला सगळे सीटॅब (पॉझिटिव्ह चार्जचं साबणासारखं रसायन) वापरतात म्हणून तू वापरू नको, ते स्वतःच बॅक्टेरिया मारतं, मग बॅक्टेरियाच्या प्लेटवर झोन (बॅक्टेरिया न वाढलेला मोकळा गोल) आला तर तो औषधाचा की सीटॅबचा हे कसं सांगशील? वापरलंच तर औषध न भरलेल्या क्लेची एक प्लेट प्रत्येक वेळी सोबत लाव.