निपल ड्रिंकर संच : शंभर कोंबड्यांच्या शेडमधला अनुभव

शंभराच्या आसपास गावरान किंवा गिरिराज कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी झाकणाची टाकी, पीव्हीसी नळी, लाल निपल (चोचीने ढकलल्यावर पाणी सोडणाऱ्या तोट्या) आणि त्यांखालचे ठिबक-कप असा जोडलेला संच बाजारात तयार मिळतो. आमच्या शेडमध्ये तो उन्हाळा आणि पावसाळा अशा दोन्ही हंगामांत वापरून झाला आहे. त्यावर कोणत्याही नामांकित कंपनीचा शिक्का नाही. तालुक्याच्या बाजारात विकले जाणारे असे संच थोड्याफार फरकाने सारखेच असतात.

उघड्या ड्रिंकरमध्ये, म्हणजे पाण्याच्या भांड्यात, कोंबडी पाय घालते, तूस उडवते, विष्ठा टाकते आणि तेच पाणी बाकीच्या पितात, ई. कोलाय आणि साल्मोनेला हे रोगजंतू पसरण्याची ही नेहमीची वाट आहे. निपलमध्ये पाणी बंद नळीत राहते आणि चोचीने पिन ढकलल्यावरच थेंब पडतो, त्यामुळे ही वाट बंद होते. मला त्याहून मोठा वाटला तो गादीचा, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसाचा, फायदा. रक्ती हगवणीच्या परजीवीचे बीजकोश विष्ठेतून बाहेर पडताच रोग करत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाल्यावर एक-दोन दिवसांत ते तयार होतात, आणि पाण्यात घालतो तेवढ्या क्लोरीनला ते दाद देत नाहीत. म्हणजे गादी कोरडी ठेवणे याला पर्याय नाही. पूर्वी ऐन पावसाळ्यात ड्रिंकरभोवती तुसाची जाड खपली धरत असे. आता तिथला तूस मुठीत दाबून सोडला तरी मोकळा होतो. मात्र त्यासाठी कोंबडीला मान किंचित ताणावी लागेल इतक्या उंचीवर नळी हवी आणि पिल्ले वाढतील तशी ती वर घेत गेली पाहिजे.

विक्रेते हा संच ‘शुद्ध पाण्याचा’ म्हणून विकतात, ती मात्र दिशाभूल आहे. विहिरीचे पाणी दूषित असेल तर निपलमधूनही तेच येणार. पाण्याच्या तपासणीसाठी मिळणाऱ्या एच-टू-एस बाटलीत नमुना भरून ठेवावा. तो काळा पडला तर पाण्यात विष्ठेतील जंतू असल्याचे समजावे. ताज्या टीसीएल पावडरीत (ब्लीचिंग पावडर) सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, त्यामुळे 100 लिटर पाण्याला 1 ग्रॅम पावडर घातल्यास सुमारे 3 पीपीएम (लिटरला 3 मिलिग्रॅम) क्लोरीन मिळतो. उघड्या पिशवीतील जुन्या पावडरीवर हा हिशेब लागू पडत नाही. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतावी आणि अर्ध्या तासाने पाणी सोडावे. चुना नळीत गेला तर पिनेभोवती पांढरे कडे धरते आणि निपल एकतर अडकतो किंवा सतत ठिबकतो.

संचातील खरा दोष नळीच्या टोकाशी आहे. तिथले बूच कायमचे चिकटवलेले असते, त्यामुळे पाणी जोरात सोडून नळी धुता येत नाही आणि आत बुळबुळीत थर साचतो. या थरात जंतूंना आसरा मिळतो आणि क्लोरीनही खर्ची पडतो. आम्ही ते टोक कापून आट्यांचे बूच बसवले, तेव्हा आतून निघालेला घाण गाळ पाहण्यासारखा होता. बोअरच्या जड पाण्याने क्षार धरले असतील तर लिंबूसत्त्वाचे पाणी नळीत भरून ठेवावे, पण ते आणि टीसीएल कधीही एकत्र करू नये. विषारी वायू सुटतो. उन्हात तापलेल्या नळीतील गरम पाणी कोंबड्या पीत नाहीत, म्हणून मराठवाडा-विदर्भातल्या उन्हाळ्यात टाकी सावलीत आणि नळीवर ओले गोणपाट हवेच.

दहा-बारा कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. रोज घासलेले भांडे पुरते. पन्नासच्या पुढे मात्र संच घ्यावा, फक्त टोकाचे बूच उघडते का आणि सुटे निपल त्याच दुकानात मिळतात का, हे आधी पाहावे. जुने ड्रिंकर भंगारात देऊ नयेत. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाण्यातून देताना क्लोरीन किमान एक दिवस आधी थांबवावा लागतो, आणि सगळ्या कोंबड्यांनी थोड्या वेळात लसीचे पाणी प्यावे यासाठी त्या दिवशी जुने ड्रिंकरच सोयीचे पडतात.