इंडक्शनसाठी वेगळी लाईन घेतली, त्याला आठ महिने झाले

मंगळवार पेठेतलं आमचं घर वडिलांनी बांधलेलं, वायरिंगही तेव्हाचंच. मे महिन्यात इंडक्शन आणलं. एका सकाळी गिझर, इस्त्री, इंडक्शन, मिक्सर सगळं एकदम चाललं आणि थोड्या वेळात १६ अँपियरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला. सगळं त्याच एका लाईनवर! बोलावलेला वायरमन म्हणाला, “३२ चा टाकतो, परत पडणार न्हाई.” मी स्पष्ट नको म्हटलं. एमसीबी वायरीला राखतो. आत १.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) जुनी वायर ठेवून वर ३२ चा बसवला, तर एमसीबी गप्प राहणार आणि वायर भिंतीत भाजणार. प्लग पॉइंट उघडला तर पिनांजवळचं प्लास्टिक आधीच पिवळं पडून ठिसूळ झालं होतं.

मग आईला घेऊन हिशेबाला बसलो. घरातली प्रत्येक वस्तू नाही मोजली. सकाळी साडेसहा ते साडेसातला एकदम काय चालतं तेवढंच लिहिलं. गिझर २०००, इंडक्शन २०००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, अर्ध्या एचपीची मोटर साधारण ५००, फ्रिज-पंखे-दिवे मिळून ५००. झाले ६७५० वॉट. २३० नं भागलं की २९ अँपियरच्या वर. आणि बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट! आई म्हणाली, “मोटर मी दुपारी लावते, तुम्ही इस्त्री रात्रीच उरका.” आकडा ५२५० वर आला. महावितरणकडे भार ६ किलोवॅट करून घेतला.

इंडक्शनला मेन बोर्डापासून वेगळी लाईन: २.५ स्क्वेअर तांब्याची वायर, १६ चा एमसीबी, १६ अँपियरचा पॉइंट, सोबत अर्थिंग. गिझरचीही वायर बदलली. मेनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच.

ही लाईन अजून एकदाही पडलेली नाही. दिवाळीत दोन तास सलग इंडक्शन चाललं, प्लगला हात लावला तर जेमतेम कोमट.

आरसीसीबीनं मात्र ऑगस्टच्या पावसात छळलं. रोज पहाटे पडायचा. मला संशय नव्या लाईनचाच. एकेक लाईन सोडवून बघितली, तेव्हा परसातल्या मोटरीचा पॉइंट सापडला. भिंत ओली, बॉक्सात पाणी. आई त्याच पॉइंटला रोज ओल्या हातानं हात लावत होती. नुसत्या जुन्या फ्यूजवर हे कळलंच नसतं. आता तो पॉइंट आडोशाला, उंचावर, झाकणाच्या बॉक्सात घेतलाय.