हँड ब्लेंडर की मिक्सर? आधी आपल्या घरात काय शिजतं ते बघा

हँड ब्लेंडर मागितला की दुकानदार डब्यातून व्हिस्क, चॉपरचं भांडं, मोजपेला असं सगळं काढून काउंटरवर मांडतो आणि "आता मिक्सर लागणारच नाही" असं ठोकून देतो. मिक्सर लागतो. घरात आठवड्यातून दोनदा जरी ओल्या खोबऱ्याचं वाटण होत असेल, तर पहिली खरेदी मिक्सरचीच.

दोन्ही यंत्रं मुळात वेगवेगळ्या कामांसाठी निघाली. हँड ब्लेंडरचं पेटंट १९५० सालचं, स्वित्झर्लंडमधलं. सूप, सॉस, क्रीम अशा ओल्या आणि मऊ पदार्थांसाठी तो बनला. आपल्याकडचा 'सुमीत' मिक्सर १९६३ चा. माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर जळाला, तेव्हा त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी भारतीय वाटणाला पुरून उरेल अशी मोटर बनवायला घेतली. हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली उडीद डाळ हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच ते यंत्र घडलं. हा फरक आजही तसाच आहे. ब्लेंडरच्या दांडीला खाली छोटं पातं असतं आणि ते बुडेल इतका पातळ पदार्थ त्याला लागतो. मिक्सरच्या भांड्यात कडेला उडालेलं खोबरं पुन्हा पात्यावर येऊन पडतं. ब्लेंडरखाली ते नुसतं बाजूला सरकतं आणि आपण दांडी घेऊन त्याच्या मागे फिरत बसतो.

गरम पदार्थांत मात्र मिक्सर सपशेल मागे पडतो. टोमॅटोचं सार, दुधीचं सूप, पालकाची पातळ भाजी, काहीही घ्या. मिक्सरमध्ये घालायचं तर आधी निवू द्यावं लागतं. घाई केली तर आतली वाफ झाकण उडवते आणि अर्धं सार टाइल्सवर. ब्लेंडर असेल तर गॅस बंद करायचा, पातेल्यातच दांडी तळाशी न्यायची, किंचित तिरपी करून आत अडकलेली हवा सोडायची आणि मग बटण दाबायचं. बंद केल्याशिवाय वर उचलायचा नाही, नाहीतर शिंतोडे थेट चष्म्यावर. कढीला लावताना ताकातल्या बेसनाच्या गुठळ्या काही सेकंदांत मोडतात. आमरस, लस्सी, मिल्कशेक यांनाही हाच बरा. शिवाय धुवायचं काम नावाला: साबणाच्या पाण्यात दांडी घालून क्षणभर फिरवली की झालं. मिक्सरच्या पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात अडकलेलं काढताना जीव जातो, आणि म्हणूनच थोड्याशा कामासाठी कोणी मिक्सर काढत नाही.

ब्लेंडर कुठे घालू नये, हेही सांगते. उकडलेल्या बटाट्यात तर नकोच. पातं जोरात फिरलं की बटाट्यातला स्टार्च सुटतो आणि पावभाजीची खळ होते, तिथे मॅशरच हवा. वरणाला रवी पुरते, ब्लेंडरने ते उगाच गुळगुळीत होतं. पुरणासाठी वापरणारे आहेत, पण घट्ट डाळीत मोटरवर फार ताण येतो आणि जरा वेळाने जळका वास यायला लागतो. मी पुरणयंत्रच काढते. साईचं लोणी मिक्सरमध्ये गार पाणी घालून थांबत थांबत फिरवलं की छान सुटतं. ब्लेंडरनेही येतं, पण पातेलं खोल हवं आणि ओटा पुसायची तयारीही.

वॅटचे आकडे बघून हुरळून जाऊ नका. बारीक दांडीचा, उघड्या पात्याचा २००-३०० वॅटचा ब्लेंडर ताक-लस्सीपुरता ठीक. सूप, प्युरी करायची तर ५००-६०० वॅटचा, सुटी होणारी स्टीलची दांडी असलेला घ्या. प्लॅस्टिकला हळदीचा रंग बसतो तो जात नाही. स्टीलचा तोटा एवढाच की नॉनस्टिक भांड्यात त्याने चरे पडतात. दोन्ही यंत्रांच्या बुडाशी किंवा डब्यावर सलग किती वेळ चालवायचं ते छापलेलं असतं. ब्लेंडरसाठी बहुधा एकच मिनिट. घरगुती मिक्सर बहुतेक '३० मिनिट रेटिंग'चे असतात, म्हणजे साधारण पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं विश्रांती, असं तीस मिनिटांपर्यंत. मिक्सर चार जणांच्या घराला ५०० वॅटचाही चालतो. इडली-डोशाचं पीठ नेहमी वाटत असाल तर ७५० चा घ्या.

जोडभांड्यांपैकी चॉपरचं भांडं तेवढं कामाचं. दाण्याचं कूट त्यात थांबत थांबत फिरवलं तर भरड आणि मोकळं होतं, तेल सुटत नाही. कांद्यासाठी दोरीचा चॉपर स्वस्त आणि वीजही नको. फक्त दोरी जास्त ओढलीत तर कांद्याला पाणी सुटतं आणि मिसळीवर घालायला लगदा उरतो. इलेक्ट्रिक बीटर केक करणाऱ्यांनीच घ्यावा, बाकीच्यांच्या घरी तो माळ्यावर जातो.

मूल अमेरिकेला शिकायला निघालं असेल, तर इथला २३० व्होल्टचा ब्लेंडर बॅगेत भरू नका. तिथल्या व्होल्टेजचा ब्लेंडर तिथेच स्वस्तात मिळतो. चटणी-वाटणाशिवाय चालणार नसेल तर ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर शोधून द्या.

पैसे देण्याआधी ब्लेंडर हातात धरून बघा. बऱ्याच ब्लेंडरचं बटण काम संपेपर्यंत दाबून धरावं लागतं आणि काहींचं फारच कडक असतं. बोटं दुखणाऱ्या आईसाठी किंवा सासूबाईंसाठी घेत असाल, तर त्यांनाच दुकानात न्या आणि बटण त्यांनाच दाबून बघू दे.