एका पान्यावर दोन इंच : जुन्या थारच्या 'लिफ्ट किट'मधली फसवणूक

पावसाळा तोंडावर आला की महिंद्राच्या जुन्या थार जीपचे मालक गॅरेज शोधू लागतात. 'पुढून-मागून दोन इंच उचला, गॅसचे शॉकअप टाका' एवढंच त्यांना सांगता येतं आणि फसवणाऱ्याला तेवढं पुरतं. बिलावर तीन ओळी येतात: लिफ्ट किट (गाडी उंच करायचा सुट्या भागांचा संच), हेवी ड्यूटी पाटे, गॅस शॉकअप. संध्याकाळी गाडी खरोखर उंच होऊन बाहेर येते. तिच्यात एकही नवा भाग पडलेला नसतो, असंही होतं.

२०२० पर्यंतच्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनच्या) थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी, आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. बारच्या टोकाशी उंची जुळवायचा बोल्ट असतो. बार थकून गाडी पुढून बसली, की ती मूळ उंचीवर आणायची ही सोय. तोच बोल्ट आणखी आवळला की पुढची बाजू वर येते. काम पान्याचं, सामान शून्य रुपयांचं. बिलावर हेच 'लिफ्ट किट' होतं.

बार तोच, म्हणजे त्याची ताकदही तीच. चाकाला खाली लोंबायला जी जागा होती, ती मात्र आधीच खाल्ली गेली. मग गतिरोधकावरून उतरताना आर्म स्टॉपरवर आदळून पुढून 'ठक' येतं. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या वळत्या सांध्याचा (सीव्ही जॉइंटचा) रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर आणि चिखल आत. अलाइनमेंट केलेली नसेल तर टायर एका कडेने झिजतात. काम देण्याआधी त्या बोल्टचे बाहेर दिसणारे आटे मोजा, फोटो काढा. नवा जाड बार टाकल्याचा दावा असेल तर कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावा: त्याच लांबीचा, त्याच पोलादाचा बार १० टक्के जाड असला की साधारण ४६ टक्के कडक होतो, म्हणून फरक मिलिमीटरमध्येच दिसणार.

मागच्या पाट्यांत जुनेच पाटे ठोकून कमान मारतात आणि वर काळा रंग. कमान मारणं हे प्रामाणिक काम आहे, त्याच नावाने आणि त्याच मजुरीत केलं तर. नवे पाटे म्हणून विकलं की ती लबाडी. पाट्यावर ओळीने हातोड्याचे गोल ठसे दिसतात, खालच्या पाट्याचं टोक घासून पडलेली खाच दिसते, रंगाखाली गंजाचे खड्डे लागतात, पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यातला बुश जुनाच असतो. गॅसने तापवून वाकवलेला पाटा तर घेऊच नका. त्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि तो लवकर बसतो किंवा तुटतो. पाटा वाढवला म्हणत असतील तर आधी आणि नंतर पाटे मोजा. पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे लावले का तेही पाहा, कारण जुनेच परत आवळून नव्याचे पैसे लावणं फार सोपं आहे. सुमारे ५०० किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावे लागतात.

सगळ्यात जास्त फसवणूक शॉकअपमध्ये, कारण उंची डोळ्याला दिसते, आतलं तेल दिसत नाही. निकामी शॉकअपला भोक पाडून तेल भरतात, वेल्ड मारून घासतात, रंगवतात, वर स्टिकर. नळीच्या बुडाशी वेल्डचा गोळा आणि रॉडच्या क्रोमवर खड्डे दिसले की ओळखावं. शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा दाबा-ओढा. त्यानंतरही मधेच हाताला पोकळ लागत असेल तर तेल कमी आहे. पूर्ण दाबून सोडा: गॅसचा रॉड आपोआप वर येतो, नुसत्या तेलाचा तिथेच राहतो. एवढ्याने चांगला ठरत नाही, पण 'गॅस'चं खोटं उघडं पडतं. बाहेर क्लिपने टांगलेला रिझर्व्हॉयर (शॉकअपची जादा तेल-गॅसची टाकी) कधीकधी नुसता डबा असतो.

लांबी तर कोणी विचारतच नाही. मागची बाजू दोन इंच उचलून मूळ लांबीचाच शॉकअप ठेवला, तर चाक लोंबलं की सगळा हिसका त्याच्यावर येतो आणि सील किंवा वरची पकड जाते. पूर्ण उघडी आणि पूर्ण मिटलेली, दोन्ही लांब्या लिहून घ्या. चाक पूर्ण लोंबलेलं असताना ब्रेकचा होजही ताणतो का ते बघा.

नव्या थारला चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहे. तिथे वरती स्पेसरची चकती घालून 'स्प्रिंग किट'चे पैसे घेतात. तार किती जाड, वेढे किती, एवढं मोजलं की कळतं.

उंची मोजताना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांना, आधी आणि नंतर. टाकीत डिझेल सारखंच हवं. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. लिफ्टने मागच्या डिफरन्शियलखालची (ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखालची) जागा वाढते असं कोणी सांगितलं तर तिथूनच उठा. ती फक्त मोठ्या टायरने वाढते.

'आरटीओ अप्रूव्ड' हीसुद्धा थापच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला, की कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. ही शिक्षा मालकाला, गॅरेजवाल्याला नव्हे.

पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा नंबर लिहून घ्या. 'किट, एक नग' चालवून घेऊ नका. शॉकअप ८७०८ या एचएसएन कोडखाली (जीएसटी बिलावरचा मालाचा कोड) येतात, पाटे आणि कॉइल स्प्रिंग ७३२० खाली. काढलेले जुने भाग परत मागा. ते 'भंगारात गेले' असतील, तर बहुधा तुमच्याच गाडीखाली रंगवून लागलेत. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षं. तोवर संशयित शॉकअप कापून बघू नका. आहे तसा जपून ठेवा.