पीएस-५, स्विच २ की एक्सबॉक्स: नागपुरातल्या घरासाठी कोणता घ्यावा, आणि घ्यावाच का?

टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल घ्यायला निघालात की दुकानदार तुम्हाला ग्राफिक्स दाखवेल, मुलगा यूट्यूबवरचे व्हिडिओ दाखवेल. दोघांचं ऐकून घ्या, पण त्याआधी घरातली एक मोजणी करा: टीव्हीसमोर एकाच वेळी खेळायला किती जण बसणार? एकटं तेरा वर्षांचं पोट्टं, दोघी बहिणी, की सुटीत आलेले मामेभाऊ धरून चौघं? माझ्या मते कोणता कन्सोल घ्यायचा हे बहुतांशी या एका आकड्यावर ठरतं. आकडा एक असेल तर ती घरासाठीची खरेदी नाही, त्या मुलाची आहे. मग त्याच्या सायकलीचा किंवा लॅपटॉपचा जसा हिशेब कराल तसाच याचा करा, ‘सगळ्यांसाठी घेऊन राहिलो’ असं स्वतःला समजावू नका.

डब्याचा भाव आणि नंतरचा खर्च

सोनीचा पीएस-५, म्हणजे प्लेस्टेशन ५, भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला. डिस्कवाला, म्हणजे गेमची तबकडी घालता येते तो, ४९,९९० रुपये, बिनडिस्कचा डिजिटल, ज्यात गेम नेटवरूनच उतरवायचे, तो ३९,९९०. टीव्ही असो की फोन, जुना झाला की उतरतो, हा चढला. एप्रिल २०२४मध्ये स्लिम मॉडेल आलं ते ५४,९९० आणि ४४,९९० रुपयांना. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर २०२०मध्ये ३४,९९० आणि सिरीज एक्स ४९,९९० रुपयांना आला होता, त्यांचेही भाव पुढे वाढलेच. त्यामुळे ‘थोडं थांबू, भाव उतरेल’ ही आपली नेहमीची युक्ती या धंद्यात चालत नाही. थांबायचंच असेल तर सणासुदीच्या सवलतीसाठी थांबा.

निन्टेंडो स्विच २ची गोष्ट वेगळी. तो ५ जून २०२५ला बाहेर आला, अमेरिकेत ४४९.९९ डॉलरला. निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही. म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानात किंवा ऑनलाइन जो मिळेल तो कोणीतरी बाहेरून आणलेला, आणि भाव आणणारा सांगेल तो. वॉरंटीही त्या दुकानदाराच्या शब्दापुरतीच. शब्द पाळणारे दुकानदार आपल्याकडे आहेत, पण बोर्ड जळला तर त्यांनाही तो कुठे पाठवायचा हा प्रश्न असतोच. पीएस-५ला निदान कंपनीची एक वर्षाची वॉरंटी बिलासोबत येते.

आता खरा खर्च. पीएस-५च्या डब्यात कंट्रोलर एकच. दुसरा घ्यायला साधारण सहा हजार. मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात. वर्षाला तीनच गेम घेतले तरी तीन वर्षांत पंचेचाळीस हजार. डिस्कवाला कन्सोल, दुसरा कंट्रोलर आणि हे गेम धरले की लाखाच्या वर गेलात. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर प्लेस्टेशन प्लसचं सदस्यत्व लागतं, ते वेगळं. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमला मात्र लागत नाही.

हा हिशेब वाचून आजी ‘काहून घ्यायचं बाप्पा हे?’ म्हणणारच. पण त्यातल्या पंचेचाळीस हजारांवर इलाज आहे, आणि तो इलाज म्हणजे डिस्क. डिस्क वापरून झाली की विकता येते, मित्राच्या डिस्कशी बदलता येते, जुनी अर्ध्या भावात मिळते. शाळेतल्या चार मुलांकडे पीएस-५ असेल तर गेम त्यांच्यात फिरतच राहतात. डिजिटलमध्ये घेतलेला गेम कायमचा त्या खात्याला चिकटलेला. म्हणून थोडे पैसे वाचवायला डिजिटल मॉडेल घेणं मला घरासाठी अजिबात पटत नाही. चार-पाच डिस्कांच्या उलाढालीत ते पैसे वसूल होतात. शिवाय पीएस-४च्या डिस्कही डिस्कवाल्या पीएस-५मध्ये चालतात, आणि त्या तर फारच स्वस्त मिळतात.

एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क नाहीच. त्याचं गणित गेम पासवर उभं आहे: महिन्याचे पैसे भरा, शेकडो गेम खेळा. ज्यांना दर आठवड्याला नवं काहीतरी लागतं अशा मुलांना हे छान जमतं. पण पैसे थांबले की पासमधले गेमही थांबले, आणि मूळ मॉडेलची ५१२ जीबी जागा प्रत्यक्षात ३६४ जीबीच हाती लागते. शंभर जीबीचे तीन गेम टाकले की भरला. मग एक काढायचा, दुसरा उतरवायचा. १०० एमबीपीएसच्या फायबरवर शंभर जीबी उतरायला सव्वादोन तास तरी लागतात, तेही लाइनने दगा दिला नाही तर. सिरीज एक्समध्ये जागाही आहे आणि डिस्कही, पण त्या पैशात आपल्याकडे पीएस-५ घेणं सोयीचं, कारण डिस्क बदलायला मित्र आणि दुकानं त्याचीच जास्त.

मे महिन्याची दुपार

पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या तुलनेत हा मुद्दा तुम्हाला सापडणार नाही, आणि नागपुरात तोच सगळ्यात मोठा. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पारा पंचेचाळीसवर गेला की सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. कन्सोलचा खरा वापर होतो तो याच दिवसांत. मे महिन्यात वामकुक्षी न घेणारी दोन पोरं घरात असतील तर कन्सोलची किंमत तुम्हाला वेगळीच दिसू लागते.

घोळ असा की यंत्रालाही हीच दुपार सोसत नाही. पीएस-५ पाच ते पस्तीस अंश तापमानात वापरावा असं सोनी सांगते, निन्टेंडोचंही तेच म्हणणं. आपली कूलरची खोली दुपारी पस्तिशीच्या आसपास टेकलेली असते. त्यात आपण कन्सोल ठेवतो कुठे, तर टीव्ही युनिटच्या काचेच्या दाराआड, धूळ नको म्हणून. तिथे तो स्वतःच्याच गरम हवेत शिजतो. बाहेर काढा, मागे आणि बाजूला वीतभर जागा सोडा. पण कूलरच्या थेट झोतातही नको: ती हवा ओलसर, आणि ताट्या जुन्या झाल्या की त्यातून पाण्याचे बारीक तुषारही येतात. खोलीत एसी असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर सलग तासाभराने यंत्राला विश्रांती हा घरचा नियम करा. पोरांचे डोळेही त्यात आले.

विजेची भीती मात्र उगाच. मोठा गेम चालू असताना पीएस-५ दोनशे वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे पाच तासांना एक युनिट. घरचा मोठा कूलरही जवळपास तेवढंच खातो. स्विच तर त्याच्या पासंगालाही येत नाही.

लाइन जाण्याचं म्हणाल, तर पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं की ती जातेच. पीएस-५ चालू असताना धाडकन बंद पडला की पुढच्या वेळी तो आधी स्वतःची साठवण तपासत बसतो, आणि न साठवलेला खेळ गेला. साध्या इन्व्हर्टरवर लाइन बदलतानाच्या क्षणातही तो बंद पडू शकतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोड, म्हणजे लाइन जाताच झटकन बॅटरीवर जायची सोय, असेल तर तो लावून ठेवा. स्विच इथे बाजी मारतो. त्याला स्वतःची स्क्रीन आणि बॅटरी आहे, टीव्ही गेला की डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या त्याच्या बैठकीतून, उचलायचा आणि खेळ पुढे. स्विच २ची बॅटरी गेमप्रमाणे दोन ते साडेसहा तास चालते. नागपूर-पुणे रेल्वेच्या प्रवासातही तोच कामाचा.

टीव्ही कोणता आहे?

बत्तीस इंची जुना एचडी टीव्ही असेल तर पीएस-५च्या ४केचं तेज तुम्हाला दिसणारच नाही. मग एक तर सिरीज एस पुरे, नाहीतर जुना स्विच. ‘कन्सोल घेतला म्हणून टीव्ही बदलला’ हा खर्च कोणी हिशेबात धरत नाही, आणि तो होतोच.

सोबत खेळायचं तर

इथे निन्टेंडोला तोड नाही. डब्यातल्या दोन जॉय-कॉनवर, म्हणजे स्विचच्या छोट्या कंट्रोलरवर, पहिल्याच दिवशी दोघं खेळायला बसतात, मारियो कार्ट या गाड्यांच्या शर्यतीत एका टीव्हीवर चौघं. सहा वर्षांची मुलगी आणि साठीचे आजोबा दोघांनाही पाच मिनिटांत जमतं. घरी कॅरम बोर्ड काढल्यावर जशी गर्दी होते तशीच इथेही होते. दोन उणिवा आहेत. निन्टेंडोच्या स्वतःच्या गेमचे भाव वर्षानुवर्षं उतरत नाहीत, आणि जुन्या जॉय-कॉनची दिशा द्यायची काडी कालांतराने हात न लावताही आपोआप इशारे देऊ लागते, हा त्यांचा जगजाहीर दोष. खातंही दुसऱ्या देशाचं उघडावं लागतं, कारण भारतासाठी त्यांचं ऑनलाइन दुकान नाही.

पीएस-५वर लहानांसाठी काही नाही असं नाही. ॲस्ट्रोज प्लेरूम तर यंत्रातच फुकट येतो आणि कंट्रोलरची सगळी गंमत त्यात कळते. ‘इट टेक्स टू’ हा गेम दोघांशिवाय खेळताच येत नाही. नवरा-बायकोने पोरं झोपल्यावर खेळावा असा. फुटबॉलचा ईए एफसी भावंडांत भांडणं लावतो, पण ती चांगली भांडणं. क्रिकेटचे गेम आहेत, ‘क्रिकेट २४’ वगैरे, पण फुटबॉलच्या तुलनेत ते कच्चे वाटतात; आजोबांना रोहित शर्मासारखा पुल मारायचा असेल तर अपेक्षा कमी ठेवायला सांगा.

वयाचा शिक्का बघूनच गेम घ्या. डब्यावर ३, ७, १२, १६, १८ असा आकडा असतो. जीटीए ५वर १८ आहे आणि तो उगाच नाही. ‘वर्गातले सगळे खेळतात’ हे खरं असलं तरी. तिन्ही कंपन्यांचं फोनवरून चालणारं पालक-नियंत्रण आहे, त्यातून किंवा खात्याच्या सेटिंगमधून रोजची वेळ आणि खरेदीची बंदी दोन्ही घालता येतात. कार्डाचा तपशील मात्र यंत्रात ठेवून जाऊ नका.

न घेता बघायचं असेल तर

गेमिंग कॅफेत तासावर पैसे देऊन मुलांना एक-दोनदा बसवा. दोघं सोबत खेळतात की एक खेळतो आणि दुसरा फोन काढतो, ते तिथेच कळेल. एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५मध्ये भारतात सुरू झालं, त्यात कन्सोल न घेता फोनवर किंवा कॉम्प्युटरवर खेळता येतं. नेट डगमगलं की बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते, पण चाखून बघायला पुरतं. आणि जुना पीएस-४ चांगल्या अवस्थेत ओळखीच्याकडून मिळत असेल, तर पहिली दोन वर्षं त्यावर काढायला मी बिनधास्त सांगेन.

माझा कल विचाराल तर: घरात दहाच्या आतली मुलं असतील आणि विश्वासातला दुकानदार असेल तर स्विच, त्यातही जुन्या स्विचचं ओएलईडी स्क्रीनचं मॉडेल चांगल्या भावात मिळालं तर तेच. मुलं बाराच्या पुढची असतील तर डिस्कवाला पीएस-५, दुसऱ्या कंट्रोलरसकट. सिरीज एस फक्त त्यांनी घ्यावा ज्यांचं नेट दणकट आहे आणि ज्यांना दर महिन्याचे पैसे भरायचा कंटाळा नाही. स्विच घेतलात तर बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटी किती महिन्यांची आणि दुरुस्ती कोण करणार हे दुकानाच्या शिक्क्यासह मागा, आणि चार्जरचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसतो का ते दुकानातच लावून बघा.